वाचकांचे प्रश्न : मटकीचं फडकं गरम का होतं?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की श्वास घेणं वेगळं आणि श्वसन वेगळं. श्वास नाकाने, फुप्फुसांनी घ्यायचा. श्वसन मात्र अंगातल्या पेशीपेशीत चालतं. त्या एवढ्याशा वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. चौतीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. वर्गात या धड्यावर प्रश्न यायचे ते 'परीक्षेत किती मार्कांना येतं' एवढेच. आता स्वयंपाकघरातून, शेतातून, मैदानावरून आणि रक्तपेढीतून प्रश्न येताहेत, याचा मला फार आनंद आहे.

प्रश्न : बाई, मटकी भिजवून मी रात्री फडक्यात घट्ट बांधून ठेवते. सकाळी गाठोडं सोडलं की आत हाताला चांगलं कोमट लागतं. सासूबाई म्हणतात, मोड येताना धान्य ऊब धरतं. ही ऊब येते कुठून? — एक गृहिणी, बार्शी

सासूबाईंचं बरोबर आहे. ती ऊब मटकीच्या श्वसनाची आहे.

कोरड्या डब्यातली मटकी जिवंत असते, पण जवळजवळ निजलेली. पाणी मिळालं की ती जागी होते. दाण्यात साठवलेला स्टार्च फोडून त्याची साखर होते आणि ती साखर ऑक्सिजनच्या मदतीने मोडली जाते. शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. चमचाभर साखर गॅसवर धरून पूर्ण जाळली तरी शेवटी हेच दोन पदार्थ मिळतात आणि एकूण ऊर्जाही तेवढीच बाहेर पडते. फरक आहे तो रीतीचा. गॅसवर साखर एकदम भडकते आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पेशीत तीच साखर वीस-पंचवीस लहान पायऱ्यांनी उतरवली जाते आणि काही पायऱ्यांवर सुटलेली ऊर्जा पकडून ठेवली जाते. तिसरा हिस्सा ते निम्मी एवढी ऊर्जा पेशीच्या हाती लागते, त्यावर कोंब वाढतो. बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. फडकं ती धरून ठेवतं, म्हणून तुमच्या हाताला कोमट लागतं. आपलं अंग सदतीस अंशांवर राहतं तेही याच उष्णतेवर. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या जुन्या दिव्याएवढी उष्णता सतत देत असतो.

आम्ही कॉलेजात हा प्रयोग दोन थर्मासमध्ये करायचो. एकात मोड आलेले हरभरे, दुसऱ्यात उकडून मारलेले हरभरे, दोन्हींच्या तोंडाशी कापसाचा बोळा आणि त्यातून आत सरकवलेला तापमापक. दोन्ही हरभरे आधी जंतुनाशकाच्या पाण्याने धुवायचे, नाहीतर उकडलेल्यांवर जिवाणू वाढतात आणि तेच ऊब धरतात. एका वर्षी आम्ही हे धुणं विसरलो आणि तिसऱ्या दिवशी 'मेलेल्या' हरभऱ्यांचा थर्मास जास्त तापला. मुलं गोंधळली. मग त्याच तासाला मी जिवाणूंचं श्वसन शिकवलं, आणि तो तास मुलांच्या चांगला लक्षात राहिला.

घरी एक साधी गोष्ट करून बघा. पानाच्या दुकानातला चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरची नितळ निवळी वाटीत घ्या. मोठ्या बरणीत मोड आलेली मटकी घाला, त्यावर ती वाटी ठेवा आणि झाकण घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी निवळीवर दुधासारखी पांढरी साय दिसेल. मटकीने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची ती खूण. (चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलांना एकट्याने करू देऊ नका.) आणि मोड पाण्यात बुडवून ठेवले तर का येत नाहीत, उलट आंबूस वास का सुटतो, तेही आता तुमच्या ध्यानात येईल. बुडालेल्या दाण्याला हवा पुरत नाही.

प्रश्न : मॅडम, मी दहावीत आहे. आमच्या पुस्तकात एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात असं आहे. ताईच्या बीएस्सीच्या पुस्तकात ३० किंवा ३२ लिहिलंय. सर म्हणाले, परीक्षेत ३८च लिही. पण खरं किती? — एक विद्यार्थिनी, इस्लामपूर

परीक्षेत ३८च लिही, सरांचं ऐक. आणि खरं काय ते माझ्याकडून समजून घे, कारण तू विचारलेला प्रश्न शास्त्रज्ञांनीही कित्येक वर्षं विचारला आहे.

आधी एटीपी म्हणजे काय ते. तुझ्या पुस्तकात त्याला ऊर्जेचं चलन म्हटलंय, ते चांगलं आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेव. हे चलन साठवून ठेवण्याचं नाही, सुट्ट्या पैशांसारखं हातोहात फिरवण्याचं आहे. तुझ्या शरीरात एका वेळी एटीपी पाव किलोसुद्धा नसतो. तरी दिवसभरात तू जवळपास तुझ्या वजनाइतका एटीपी वापरतेस, कारण तेच रेणू पुन्हापुन्हा तुटतात आणि पुन्हापुन्हा जोडले जातात. १९२९ साली हा रेणू दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला. जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचं नाव आपल्या प्रत्येक वर्गात घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता हिशेब. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात. पेशीद्रवात त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, हे ग्लायकोलायसिस. इथे ऑक्सिजन लागत नाही. दोन एटीपी खर्च होतात, चार मिळतात, हाती उरतात दोन. तुकडे मग तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या इवल्याशा कप्प्यात, जातात, तिथे आणखी मोडतात आणि क्रेब चक्रात फिरतात. हान्स क्रेब्स यांनी हे चक्र १९३७ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करून शोधलं. हिटलरच्या राजवटीत नोकरी गेल्यामुळे ते जर्मनी सोडून तिथे आले होते. 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकाने त्यांचा लेख तेव्हा घेतला नाही. १९५३ साली याच चक्रासाठी त्यांना नोबेल मिळालं. चक्रात थेट मिळणारे एटीपी दोनच. म्हणजे आतापर्यंत चार.

मग बाकीचे कुठून? साखर मोडताना तिच्यातले इलेक्ट्रॉन दोन वाहक रेणूंवर चढवले जातात. त्यांची नावं एनएडीएच आणि एफएडीएच. एका ग्लुकोजमागे दहा एनएडीएच आणि दोन एफएडीएच. हे वाहक आपले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावरच्या प्रथिनांच्या साखळीला देतात. एकाकडून दुसऱ्याकडे जात इलेक्ट्रॉन खाली उतरतात आणि शेवटी त्यांना घ्यायला उभा असतो ऑक्सिजन. तू घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजन तिथे पोचतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. नाकातून आत गेलेल्या हवेचं खरं काम एवढंच आहे, साखळीच्या शेवटी उभं राहणं. ऑक्सिजन नसला तर पूर्ण रांग तुंबते, शेवटच्या माणसाने टोपली घ्यायचं थांबवलं की विटांची रांग तुंबते तशी.

उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवर साखळी हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, पडद्याच्या एका बाजूला उपसून टाकते. घाटघरचा वीजप्रकल्प तू ऐकला असशील. रात्री वीज जास्त असते तेव्हा पाणी खालच्या तलावातून वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी वीज लागली की तेच पाणी जनित्रातून खाली सोडायचं. पेशी अगदी हेच करते. प्रोटॉन एका बाजूला चढतात आणि परतताना एका फिरत्या यंत्रातून उतरतात. या यंत्राचं नाव एटीपी सिंथेज. ते फिरतं, हे शब्दशः खरं आहे. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या दांड्याला चमकणारा तंतू चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली तो गरगर फिरताना पाहिला. एका फेरीत तीन एटीपी तयार होतात आणि सेकंदाला शंभरावर फेऱ्या होऊ शकतात. या पडद्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी, आणि त्यावर दीडशे मिलिव्होल्टचा ताण. जाडीच्या हिशेबाने तो ताण विजा चमकताना ढगात असतो त्याहूनही जास्त आहे. हे तुझ्या अंगात आत्ता चालू आहे, पत्र वाचता वाचता.

ही प्रोटॉनची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली. तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. सगळे एखादं रसायन शोधत होते, जे ऊर्जा साखळीकडून एटीपीकडे नेत असेल. असं रसायन कधी सापडलंच नाही, कारण ते नव्हतंच. मिचेल यांना १९७८ साली नोबेल मिळालं.

३८ आणि ३२ हा फरक इथूनच येतो. जुन्या पुस्तकांनी धरलं की एका एनएडीएचमागे नेमके तीन आणि एफएडीएचमागे नेमके दोन एटीपी. दहा गुणिले तीन तीस, दोन गुणिले दोन चार, आणि थेट मिळालेले चार. झाले ३८. पण प्रोटॉन मोजायला लागल्यावर दिसलं की एका एनएडीएचमागे दहा प्रोटॉन चढतात आणि एक एटीपी तयार करून बाहेर पोचवायला सुमारे चार प्रोटॉन लागतात. म्हणजे अडीच एटीपी. एफएडीएचमागे सहा प्रोटॉन, म्हणजे दीड. तंतुकणिकेतच तयार झालेले आठ एनएडीएच देतात वीस, दोन एफएडीएच तीन, थेट चार. झाले सत्तावीस. उरलेले दोन एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन आत न्यायला दोन वाटा आहेत. एका वाटेने तीन एटीपी मिळतात, दुसऱ्या वाटेने पाच. म्हणून ३० किंवा ३२. शिवाय पडद्यातून थोडे प्रोटॉन नुसतेच गळतात, त्यामुळे जिवंत पेशीत आकडा आणखी थोडा कमीच भरतो. यंत्र रसायनाच्या समीकरणासारखं नाही, धरणासारखं चालतं, आणि धरणाचं पाणी कधी पूर्णांकात मोजत नाहीत.

प्रश्न : आमच्या वाड्यात जमिनीखाली धान्य साठवायचं जुनं पेव आहे, आता बुजवायचं ठरलंय. वडील सांगायचे, पेव उघडल्यावर आधी कंदील सोडायचा, मग माणूस. याला शास्त्र आहे का की नुसती रीत? — एक शेतकरी, मंगळवेढा

माझं माहेर तुमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे हे पत्र मी दोनदा वाचलं.

रीत खरी आहे आणि ती जीव गमावून शिकलेली रीत आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या गावात एक गडी ज्वारीच्या पेवात उतरला. तोंड सकाळीच उघडलं होतं, कुणी थांबलं नाही. तो खाली गेला आणि बोलायचा बंद झाला. त्याला काढायला भाऊ उतरला, तोही परत आला नाही. वडीलधाऱ्यांनी तिसऱ्या माणसाला कंबरेला धरून मागे ओढलं म्हणून तो वाचला. त्या दुपारचा गलका मला अजून ऐकू येतो. तेव्हा लोक म्हणाले, पेवात भूत आहे. पुढे शास्त्र शिकल्यावर कळलं की आत होता तो ज्वारीचा श्वास.

पेवात घातलेली ज्वारी जिवंत असते. नीट वाळलेली असली तर तिचं श्वसन फार मंद. म्हणून तर जुनी माणसं दाणा दाताखाली धरून 'कट्ट' वाजतो का बघायची, मगच पेव भरायची. दमट दाणा जोरात श्वसन करतो, ऊब धरतो, बुरशी येते आणि बुरशीही श्वसन करते. दाणे, बुरशी, किडे सगळे मिळून बंद पेवातला ऑक्सिजन संपवतात आणि त्या जागी कार्बन डायऑक्साइड भरतो. किडे त्यात मरतात, म्हणून तर पेवातलं धान्य वर्षानुवर्षं टिकायचं. जी हवा धान्य राखते तीच माणसाला मारते. हा वायू हवेहून जड, त्यामुळे तोंड उघडलं तरी तळाशी बसून राहतो.

माणूस इतक्या लवकर का कोसळतो? श्वास रोखला तर आपण अर्धा-एक मिनिट सहज तगतो, कारण रक्तात ऑक्सिजन शिल्लक असतो. पण ऑक्सिजनच नसलेली हवा आत घेतली की फुप्फुसात उलटा व्यवहार होतो, रक्तातला ऑक्सिजन त्या हवेत निघून जातो. दोन-तीन श्वासांत मेंदूकडे रिकामं रक्त पोचतं. मेंदूजवळ साठा काहीच नसतो, तिथला एटीपी काही सेकंदांत उतरतो आणि शुद्ध जाते. गुदमरल्यासारखंही नेहमी वाटत नाही, त्यामुळे खालच्या माणसाला हाक मारायलाही सुचत नाही.

आता माझं कळकळीचं सांगणं. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे पक्कं. पण कंदील जळतोय म्हणून उतरायला हरकत नाही, असं मात्र समजू नका. ज्योत साधारण सोळा टक्के ऑक्सिजनपर्यंत जळत राहते, आणि तेवढ्या हवेतही कार्बन डायऑक्साइड घातक प्रमाणात असू शकतो. तोंड उघडून भरपूर वेळ जाऊ द्या, पंख्याने वरची हवा तळापर्यंत लोटा, कंबरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका. बुजवायचंच असेल तर वरूनच माती लोटा, उतरायची गरजच काय? आणि गोबरगॅसची टाकी, शौचालयाची टाकी, गटाराचं मॅनहोल इथे कंदील कधीही सोडू नका. तिथे मिथेन असतो, स्फोट होईल. तिथे आणखी विषारी वायूही असतात. आत कुणी पडलं असेल तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, अग्निशमन दलाला बोलवा. आमच्या गावातला दुसरा जीव मायेपोटी गेला.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर पळाल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या उचलत नाहीत. मित्र म्हणतात लॅक्टिक ॲसिड साचलंय, लिंबूपाणी पी म्हणजे विरघळतं. — एक तरुण, जत

बाळा, लिंबूपाणी जरूर पी, उन्हात पळतोस, पाणी-मीठ अंगाला लागतंच. पण मांड्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

जोरात पळताना पहिल्या काही सेकंदांत स्नायू आपल्याजवळचा फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे एटीपी झटपट भरून देणारा छोटासा साठा, वापरतो. मग साखर वेगाने मोडायला लागतो, आणि तंतुकणिकांचा वेग त्याला पुरत नाही. म्हणून पेशी साखरेच्या तुकड्यांचं लॅक्टेट करते, त्यामुळे ग्लायकोलायसिस थांबत नाही. थोडे पण झटपट एटीपी मिळतात. हे लॅक्टेट विष नाही. हृदयाचा स्नायू ते इंधन म्हणून वापरतो, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. हे चक्र शोधणाऱ्या गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याला १९४७ साली नोबेल मिळालं. पळून थांबलास की तासा-दीड तासात रक्तातलं लॅक्टेट पूर्वीसारखं होतं. दुसऱ्या दिवशी ते शिल्लकच नसतं.

दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या बारीक चिरांचं आणि त्या भरून येताना येणाऱ्या सुजेचं असतं. उतारावर पळाल्यावर ते जास्त होतं, हे तुला अनुभवाने माहीत असेल. पळायचं अंतर हळूहळू वाढव, एक दिवस जोरात तर एक दिवस सावकाश पळ. काही आठवड्यांत स्नायूंत तंतुकणिका वाढतात आणि तोच वेग कमी दमात निघतो. मात्र दुखणं फार असेल आणि लघवी चहासारखी काळपट झाली तर तसाच दवाखाना गाठ. तेव्हा स्नायू मोडून रक्तात उतरत असतात, त्याने मूत्रपिंडं जातात.

प्रश्न : मी सहा महिन्यांत दहा किलो वजन कमी केलं. चरबी घामावाटे गेली की लघवीवाटे? आणि जिममधला एक जण इंटरनेटवरून चरबी जाळायच्या पिवळ्या गोळ्या मागवतो. घ्याव्यात का? — एक वाचक, पुणे

गोळ्यांचं आधी सांगते. घेऊ नका, आणि त्या मित्रालाही थांबवा.

दहा किलो चरबी पूर्ण मोडली की त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१४ साली हा हिशेब मांडला, तेव्हा कितीतरी डॉक्टरांनाही तो नवीन होता. तुमची चरबी तुम्ही मुख्यतः नाकातोंडावाटे बाहेर टाकली आहे. पण नुसते जोरजोरात श्वास घेऊन ती जात नाही, चक्करच येते. पेशींना काम दिलं तरच चरबी मोडते.

आता त्या गोळ्या. नाव माहीत नसताना मी खात्रीने सांगू शकत नाही, पण पिवळी, चरबी 'जाळणारी' आणि चोरून विकली जाणारी गोळी म्हटलं की माझ्या मनात डायनायट्रोफिनॉल येतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळा कारखान्यांत हे रसायन वापरायचे. तिथले कामगार घामाने निथळायचे, झडायचे, काही तापाने मेले. १९३३च्या सुमारास अमेरिकेत ते वजन उतरवायचं औषध म्हणून विकलं गेलं. हजारोंनी घेतलं, कित्येकांना मोतीबिंदू झाला, काही दगावले, आणि १९३८ साली तिथे ते माणसाने घेण्यास अपायकारक ठरवलं गेलं.

ते काय करतं ते वरच्या घाटघरच्या उदाहरणावरून बघा. हे रसायन धरणाच्या भिंतीला भोकं पाडतं. प्रोटॉन यंत्रातून न जाता भोकांतून परततात, एटीपी तयार होत नाही, सगळी ऊर्जा नुसती उष्णता होते. पेशी उपाशीच राहते, म्हणून आणखी चरबी मोडते, आणखी उष्णता. ही उष्णता शरीराला आवरता येत नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही आणि त्यावर नेमकं उलटं औषध नाही. तान्ह्या बाळाच्या पाठीत, खांद्यांच्या मधे, तपकिरी चरबी असते, तीही उबेसाठी अशीच गळती करते. पण तिथे एक प्रथिन दार मोजून उघडतं आणि बंद करतं. गोळीला ते दार बंद करता येत नाही.

प्रश्न : रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून झाडाखाली झोपू नये, हे खरं का? — एक वाचक, सावंतवाडी

झाडं दिवसाही कार्बन डायऑक्साइड सोडतात, श्वसन त्यांचंही अहोरात्र चालतं. दिवसा उजेडात ती त्याहून कितीतरी जास्त आत ओढतात, एवढंच. उघड्यावरच्या झाडाचा रात्रीचा वायू वाऱ्याने पसरून जातो. शेजारी झोपलेला माणूस झाडाच्या फांदीपेक्षा जास्त सोडतो. झाडाखाली झोपताना साप, विंचू आणि वाळकी फांदी बघा.

प्रश्न : मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. रक्ताच्या पिशवीत डेक्स्ट्रोज आणि ॲडेनाइन का घालतात, हे प्रशिक्षणात एका ओळीत उरकलं. तांबड्या पेशीला साखर लागते हे ठीक, पण तिच्याकडे तर ऑक्सिजन भरपूर असतो. मग तिला साखर कशाला एवढी? — एक वाचक, नांदेड

तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. कारण तांबडी पेशी जन्मभर ऑक्सिजन वाहते आणि स्वतः त्यातला कणही वापरत नाही.

अस्थिमज्जेत तयार होताना ती आपलं केंद्रक आणि तंतुकणिका दोन्ही टाकून देते, हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून. तंतुकणिका नाही म्हणजे क्रेब चक्र नाही, साखळी नाही, घाटघर नाही. तिच्याकडे उरतं फक्त ग्लायकोलायसिस. एका ग्लुकोजमागे दोन एटीपी, आणि साखरेचं शेवटी लॅक्टेट. एवढ्या तुटपुंज्या कमाईवर ती सुमारे १२० दिवस जगते. त्या एटीपीवर तिला दोन मोठी कामं करायची असतात. पडद्यावरचे पंप चालवून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवायचं, आणि आपला मऊ, खोलगट चकतीसारखा आकार राखायचा, म्हणजे स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाता येतं.

पिशवीतही ती जिवंतच असते, म्हणून तिला साखर लागते. त्यासाठी डेक्स्ट्रोज. पण नुसत्या साखरेने भागत नाही. एटीपीच्या रेणूतला ॲडेनाइनचा भाग हळूहळू झिजतो आणि तो नव्याने घडवायची सोय तिच्याकडे नसते. म्हणून ॲडेनाइन आयतं द्यायचं. ॲडेनाइन नसलेल्या जुन्या द्रावणात रक्त २१ दिवस ठेवायचे, तुमच्या ॲडेनाइन घातलेल्या सीपीडीए-१ द्रावणाच्या पिशवीत ते ३५ दिवस चालतं. तुम्ही पिशव्या दोन ते सहा अंशांत ठेवता तेही याचसाठी, थंडीत साखर सावकाश संपते.

तरी ती संपतच असते. लॅक्टेट साठून रक्त आंबट होतं, त्यामुळे ग्लायकोलायसिस आणखी मंदावतं. पंप सुस्त पडतात, पोटॅशियम पेशीतून बाहेर झिरपतं. म्हणून तान्ह्या बाळाला किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला रक्त देताना डॉक्टर ताजी पिशवी मागतात. सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या रक्ताचा थेंब आणि शेवटच्या आठवड्यातल्या पिशवीतला थेंब शेजारी ठेवून बघा. पहिल्यात गुळगुळीत चकत्या दिसतील, दुसऱ्यात बऱ्याच पेशींच्या कडेला बारीक काटे आलेले दिसतील, रिंगणीच्या फळाभोवतीच्या काट्यांसारखे. या काट्यांच्या पेशी तुमच्या नव्या सहकाऱ्यांनाही दाखवा, आणि पिशवीवरची तारीख कशाने ठरते ते त्यांना तिथेच, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला असतानाच सांगा.